गावाचं बहुउद्देशीय सभागृह कसं बांधावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सोलापूरच्या पट्ट्यात आम्ही गावांची सभागृहं, देवळांपुढचे मंडप आणि अभ्यासिका बांधतो. फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो, "दोन हजार फुटांचा हॉल बांधायचाय, किती लागतील?" पैशांच्या आधी बोलण्यासारखं बरंच असतं. ग्रामपंचायतींचे सदस्य, मंडळांची पोरं आणि बचत गटांच्या ताई जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

आमच्या गावात एक समाजमंदिर आहे, पण ते पडूनच असतं. नवं बांधावं का?

आधी जुन्याकडे एकदा नीट बघून या. ते पडून का आहे हे कळलं नाही, तर नवंही तसंच पडून राहील. आम्ही जाऊन बघतो तेव्हा कारणं बहुधा तीच निघतात. पत्रा इतका खाली असतो की चैत्रात दुपारी आत बसवत नाही. खिडक्या दोनच, त्याही समोरासमोर नाहीत. सामान ठेवायला खोली नाही, म्हणून मोडक्या खुर्च्या, गणपतीचा मखर आणि मागच्या निवडणुकीचे फलक हॉलमध्येच रचलेले. एका टोकाला सिमेंटचं पक्कं स्टेज, त्यानं पाव जागा खाल्लेली. आणि किल्ली एकाच माणसाकडे.

यातलं एकही कारण इमारत पाडण्याइतकं मोठं नाही. स्टेज फोडता येतं, पत्रा काढून तीन फूट उचलता येतो, दक्षिणेला ओसरी काढता येते, मागे एक खोली जोडता येते. पाया आणि भिंती धड असतील तर एवढ्या कामाला नव्या इमारतीच्या मानाने फारच थोडं सिमेंट, वीट आणि लोखंड लागतं. अडचण एवढीच की दुरुस्तीला कोनशिला लागत नाही.

पर्यावरणपूरक इमारत म्हणजे नेमकं काय? छतावर सोलर बसवलं की झालं ना?

सोलर शेवटी येतं. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या: बांधताना काय जाळलं, आणि बांधून झाल्यावर इमारत वर्षातले किती दिवस वापरात राहिली.

जगात माणसाच्या उद्योगांतून जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला सुमारे ८ टक्के एकट्या सिमेंटचा असतो. भट्टीला कोळसा लागतो हे खरं, पण निम्म्याहून जास्त वायू कोळशाचा नसतोच. चुनखडी तापवली की ती स्वतःच तो सोडते. म्हणून उद्या भट्टी उन्हावर चालवली तरी हा भाग जागच्या जागी राहील. यावर उपाय साधा आहे, गरज तिथेच सिमेंट वापरा. पायात, भिंतींना बांधून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्यांत, छताच्या तुळयांत ते हवंच. शोभेच्या कमानीत आणि सहा इंच जाड स्टेजमध्ये नको.

वापराचे दिवस तर कुणीच मोजत नाही. लग्नसराईतले वीस-पंचवीस दिवस आणि सप्ताहाचे आठ एवढ्यासाठी उघडणारी इमारत मातीची असली तरी महागच पडते.

एकाच हॉलमध्ये लग्न, ग्रामसभा, लसीकरण, अभ्यासिका, सप्ताह हे सगळं कसं बसवायचं?

हे आपल्याकडे आधीपासून बसवलेलं आहे. जुन्या देवळाचा सभामंडप आठवा. वर लाकडी तुळया, खाली खांब, तीन बाजू मोकळ्या. सकाळी काकडा, दुपारी पंतोजींची शाळा, संध्याकाळी भांडणतंटा, रात्री कीर्तन, आणि आषाढात वाटेवरच्या दिंडीचा मुक्काम. मंडपात पक्कं असं काही नसायचं, ज्याचं काम असेल तो जाजम आणायचा आणि काम झालं की उचलायचा. आम्ही आजही नकाशा काढताना हाच मंडप डोळ्यांपुढे ठेवतो.

त्यासाठी खांब कडेला घेऊन मधे मोठी मोकळी जागा ठेवतो. मोजणी खणांत करतो, दहा-दहा फुटांचा एक खण. पाच खणी हॉल घेतला की वर्गणी वाढेल तसा सहावा खण त्याच मापात जोडता येतो, छत फोडावं लागत नाही.

खरी कसोटी सामानाच्या खोलीत आहे. एकूण क्षेत्राचा दहावा भाग तरी तिला द्या, आणि दार एवढं रुंद ठेवा की खुर्च्यांची थप्पी हातगाडीसकट आत जाईल. नकाशात पहिली कात्री नेमकी या खोलीला लागते, "ती तर नुसती अडगळ". तिथे खोली नसली की सगळा हॉलच अडगळ होतो, हे उद्घाटनानंतर वर्षभरात दिसतं.

स्टेजऐवजी चार फूट बाय दोन फूट, फूटभर उंचीच्या लाकडी पेट्या करून घ्या. बारा-सोळा पेट्या जोडल्या की व्यासपीठ. सुट्या केल्या की अंगणवाडीतल्या पोरांची बैठक, पंगतीच्या वेळी वाढप्यांचं टेबल. गावचा सुतार चार-पाच दिवसांत करतो.

दोन दारं वेगळ्या दिशांना ठेवा. एका खणाची अभ्यासिका स्वतंत्र दाराची असली पाहिजे, नाहीतर हॉलमध्ये हळदी चालू असताना एमपीएससीची पोरं बाहेर पायरीवर बसतात. भिंतींत देवळ्या, म्हणजे कोनाडे, सोडा. समईपासून मोबाइलच्या चार्जरपर्यंत सगळं त्यात राहतं आणि खिळे ठोकायची वेळ येत नाही.

एक गोष्ट आम्ही वारकऱ्यांकडून शिकलो. पालखीच्या वाटेवरच्या एका गावात हॉल नुकताच झाला होता आणि पावसाळी रात्री दिंडी मुक्कामाला आली. दीडेकशे माणसं, सगळ्यांचे कपडे ओले. कुणी खिडकीच्या गजांना धोतर बांधलं, कुणी पंख्याला, कुणी वायरिंगच्या पाइपाला. सकाळी पाइप भिंतीतून उपटून आलेला. तेव्हापासून ओसरीच्या छताखाली साडेसहा फुटांवर आम्ही लोखंडी कड्यांची एक ओळ लावतो. वर्षभर तिथे मांडवाचे कापड, पताका आणि कंदील टांगतात, आषाढात दोरी बांधून धोतरं.

मधे सरकत्या भिंती (फोल्डिंग पार्टिशन) बसवाव्यात का?

शहरातल्या हॉटेलात ठीक आहेत. गावात रुळात धूळ बसते, चाक तुटतं, सुटा भाग मिळत नाही, आणि भिंत अर्ध्यावर अडकून कायमची तिथेच राहते. त्यापेक्षा बिजागरीची, जुन्या वाड्यांतल्यासारखी घडीची लाकडी दारं घ्या. एक झडप चार फुटांपेक्षा रुंद नको. मोडलं तर गावातच दुरुस्त होतं. आवाज पूर्ण थांबत नाही हे मात्र मान्य करायला हवं. कीर्तन आणि अभ्यास एकाच वेळी चालायचे असतील, तर त्यांच्यामध्ये सामानाची खोली टाका, दार नको.

हॉल किती मोठा असावा?

सतरंजीवर बसणाऱ्याला साधारण पाच-सहा चौरस फूट, पंगतीत वाढप्याची वाट धरून दहाच्या आसपास. मोठ्या लग्नाच्या आकड्यावर हॉल बांधू नका. तो दिवस वर्षातून दोनदा येतो, आणि त्या दिवशी तसाही बाहेर मांडव पडतोच. महिन्यातून चार वेळा जेवढी माणसं जमतात तेवढ्यांसाठी बांधा आणि ओसरी रुंद ठेवा. ओसरी दहा फुटांची असली तर हॉल भरल्यावर निम्मी माणसं तिथे बसतात आणि पावसाची सर आली तरी उठत नाहीत.

भिंती कशाच्या घ्याव्यात?

गावाच्या आसपास काय मिळतं ते बघून घ्या. इंग्लंडहून येऊन केरळात स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) सांगायचे की, गांधीजींनी त्यांना घराचं सामान पाच मैलांच्या परिसरातलंच असावं असं म्हटलं होतं. सेवाग्रामला बापूकुटी बघा: माती, बांबू, लाकूड, कौलं. बाहेर ऊन भाजत असताना आत शिरलं की फरक अंगाला कळतो.

आज पाच मैलांत सगळं मिळणार नाही, पण दिशा तीच. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचे चिरे सोडून दुसरा विचार करायची गरज नाही. खाणीतून मऊ निघतात, हवेत कडक होतात, भट्टी लागत नाही, गिलावा नाही केला तरी चालतं. देशावर काळा दगड हाताशी आहे. पायासाठी आणि जोत्यापर्यंत तो घ्याच. वरच्या भिंतीला तो जड आणि महाग पडतो, घडणारे पाथरवटही कमी झालेत. चंद्रपूर, कोराडी, परळी अशा औष्णिक केंद्रांच्या आसपास राखेच्या विटा मिळतात. त्यांना भट्टी लागत नाही आणि शेताची वरची माती खरवडली जात नाही.

दाबलेल्या मातीच्या विटा (यंत्रात दाबून, पाच ते दहा टक्के सिमेंट घालून, उन्हाऐवजी सावलीत पाणी मारून पिकवलेल्या) आम्हाला सगळ्यात आवडतात. पण त्याला माती योग्य हवी. साधारण अर्धी वाळू, थोडी खडी, आणि चिकणमाती पाचव्या भागाएवढी. घरी बघायचं तर काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी थर दिसतात: तळाला खडी-वाळू, मधे गाळ, वर चिकण. आपली काळी माती यात बसत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, कपाशीला चांगली, विटेला वाईट. मुरूम मिसळून काही ठिकाणी जमतं, पण आधी दहा-वीस विटा करून पंधरा दिवस पाण्यात घालून बघा. त्याआधी यंत्र विकत घेऊ नका.

भाजलेली वीटच घ्यायची असेल तर गवंड्याला रॅट-ट्रॅप बाँड विचारा. त्यात वीट आडवी न ठेवता उभी ठेवतात, आत पोकळी राहते. भिंत तेवढीच जाड होते, विटा सुमारे पाव कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. बेकरांनी केरळात हे घराघरांत नेलं. आपल्याकडे अडचण विटेची आहे: भट्टीतून निघणारी वीट प्रत्येक वेळी वेगळ्या मापाची, आणि या रचनेला माप चुकलं की सगळंच चुकतं. गवंड्याने आधी कधी केली नसेल, तर पहिली भिंत सामानाच्या खोलीची घाला.

मातीचं आणि दगडाचं म्हटलं की आमच्या वडीलधाऱ्यांना किल्लारी आठवतं. ते बरोबर आहे ना?

आठवलंच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, विसर्जन करून माणसं नुकतीच झोपलेली. लातूर-धाराशिवच्या त्या गावांत साधारण ६.२ तीव्रतेच्या भूकंपात हजारो माणसं गेली. तीव्रतेच्या मानाने मृत्यू एवढे का झाले, याचं उत्तर भिंतींच्या आत आहे.

भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, पण त्या खरं तर दोन भिंती होत्या. आतला दगडांचा थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे चिखल आणि दगडांचा चुरा. दोन थरांना बांधणारे लांब जोडदगड फार कमी. वर माळवद, म्हणजे लाकडावर फूट-दोन फूट मातीचा भार, दर वर्षी गळती थांबवायला त्यावर आणखी एक थर. जमीन हलली तेव्हा दोन थर एकमेकांपासून सुटले, भिंत पोटात फुगली आणि वरची माती झोपलेल्यांवर आली. लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या घरांत काही ठिकाणी भिंती बाहेर पडल्या, पण छत तग धरून राहिलं.

त्या पहाटेपासून मराठवाड्यात माती म्हणजे मरण आणि स्लॅब म्हणजे जीव असं समीकरण बसलं. ते समजण्यासारखं आहे, पण पुरतं खरं नाही. जीव वाचवतात त्या आडव्या पट्ट्या. जोत्याला एक, दाराच्या वर एक आणि छताखाली एक अशी लोखंड घातलेली काँक्रीटची पट्टी सगळ्या भिंतींना कमरपट्ट्यासारखी फिरवायची. कोपऱ्यात उभी सळई. दगडी भिंत असेल तर दर दोन फुटांवर जोडदगड. दारं-खिडक्या कोपऱ्यापासून दूर. आणि वर हलकं छत. मातीच्या बांधकामासाठी आयएस १३८२७ आणि दगड-विटांच्या साध्या बांधकामासाठी आयएस १३८२८ अशी भारतीय मानकं आहेत, त्यांत हे लिहिलेलं आहे. या पट्ट्यांशिवाय उभी केलेली पक्क्या विटांची भिंतही आम्हाला भीतीदायक वाटते, आणि अशा भिंती आजही रोज उभ्या राहतात.

स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही या कामात टाळू नका. फी जोत्याच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असते.

छप्पर स्लॅबचं की पत्र्याचं?

आत येणारं सगळ्यात जास्त ऊन छतातून येतं, भिंतीतून नाही. त्यामुळे पैसा आणि डोकं दोन्ही इथे घाला.

नुसता पत्रा म्हणजे तवा. पण पत्र्याखाली दुसरं छत असेल आणि दोन्हींच्या मधून वारा जात असेल, तर तोच पत्रा छत्रीचं काम करतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात, गांदो गावात वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी २००१ साली शाळा बांधली, तिथे हेच केलं. मातीच्या विटांच्या भिंती, त्यावर विटांचंच छत, त्यात फटी ठेवलेल्या, आणि त्याच्या बरंच वर लोखंडी सळयांच्या कैच्यांवर, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या सांगाड्यांवर, पत्रा. आतली गरम हवा फटींतून वर जाते आणि पत्र्याखालच्या वाऱ्याबरोबर निघून जाते. पत्रा तापतो, पण ताप खाली पोचत नाही. केऱ्यांना २०२२ साली वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. ती शाळा त्यांच्या स्वतःच्या गावातली, गावकऱ्यांनीच माती वाहून बांधलेली. आपल्याकडे विटांच्या छताऐवजी बांबूच्या तट्ट्या किंवा चटया चालतात. आढ्याला वाऱ्याची वाट मात्र सोडायलाच हवी.

तट्ट्यांचा दुसरा फायदा सप्ताहात कळतो. उघड्या पत्र्यावर वळवाचा पाऊस सुरू झाला की कीर्तनकार बुवांचा माईकसुद्धा हरतो.

स्लॅबच हवा असेल, म्हणजे पुढे वर मजला घ्यायचा असेल किंवा पुरात वर माणसं न्यायची असतील, तर फिलर स्लॅब विचारात घ्या. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसा भार घेत नाही, तिथलं काम सळई करते. म्हणून सळयांच्या चौकटींत मंगळुरी कौलांच्या जोड्या ठेवतात. तेवढं काँक्रीट वाचतं, वजन उतरतं आणि कौलांच्या मधली हवा ताप अडवते. खालून कौलांची नक्षी दिसते, गिलावा करून ती झाकू नका. वरून चायना मोझॅक लावा, तुटक्या पांढऱ्या टाइल्स चालतात. तेवढं बजेट नसेल तर दर उन्हाळ्याआधी चुन्याची सफेदी.

कोकणकिनाऱ्यावर असाल तर आणखी एक. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा रायगड-दापोलीकडच्या गावांतून पत्रे कागदासारखे उडाले. वारा पत्रा खाली दाबत नाही, तो वर खेचतो. म्हणून कडेचे आणि आढ्याचे बोल्ट मधल्यापेक्षा दाट हवेत आणि कैची भिंतीत नुसती ठेवलेली नको, पट्टीच्या सळईला बांधलेली हवी. कंत्राटदार पत्र्याची जाडी सांगतो. तुम्ही बोल्टांतलं अंतर विचारा.

दिशा कोणती घ्यायची? वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येला दार हवं म्हणतात.

ईशान्येला दार घ्या, काही बिघडत नाही. लांब भिंती मात्र उत्तर आणि दक्षिणेला ठेवा. दक्षिणेचं ऊन डोक्यावरून येतं, छताचं पाखं चार फूट बाहेर आलं की सावली पडते. पश्चिमेचं ऊन तिरपं, थेट पोटात शिरतं, त्याला पाखं अडवत नाही. म्हणून पश्चिमेला सामानाची खोली आणि संडास टाका आणि बाहेर कडुनिंब किंवा करंज लावा. पिंपळ भिंतीजवळ नको.

बांबूचं बांधकाम टिकतं का?

टिकतं, तीन अटींवर: पाय जमिनीला लागता कामा नयेत, डोक्यावर पाखं हवं, आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला हवा. न मुरवलेल्या कळकाला भुंगा दोन-तीन पावसाळ्यांत पोखरतो आणि खाली पिठाची रांगोळी पडते. तोड पावसाळा संपल्यावर करा. तळकोकणातला माणगा भरीव असतो, खांब-कैच्यांना उत्तम. २०१७ साली कायदा बदलल्यापासून वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला, त्यामुळे आपल्या बांधावरचा बांबू तोडायला जुना त्रास राहिलेला नाही. मुख्य हॉल बांबूचा करायला गाव बिचकत असेल, तर ओसरी बांबूची करा. दहा वर्षं बघू द्या.

हॉलमध्ये माईक लावला की आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. काय करावं?

चारही भिंती गुळगुळीत, खाली चकचकीत टाइल्स आणि वर स्लॅब असेल तर घुमणारच. स्पीकरची ताकद वाढवून ते आणखी बिघडतं. एका बाजूची भिंत गिलाव्याशिवाय, उघड्या विटेची किंवा जाळीची ठेवा. छताला तट्ट्या. खाली शहाबादी फरशी घ्या, खडबडीत बाजू वर. घुमणं फरशीने फारसं कमी होत नाही, पण ओल्या पायांनी आजी घसरत नाहीत आणि तडकली तर तेवढीच बदलता येते.

पाणी, संडास आणि स्वयंपाक कुठे?

पाण्याचं गणित सोपं आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दोन हजार चौरस फुटांचं छत म्हणजे साधारण १८६ चौरस मीटर. सोलापूरकडे वर्षाला ५५० मिलिमीटर धरला आणि गळती-बाष्पीभवनात वीस टक्के गेले, तरी ८० हजार लिटरांच्या वर मिळतात. दहा हजारांचे आठ टँकर. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला पन्हळीच्या पाइपाला वेगळी तोटी ठेवा, नाहीतर टाकीत कबुतरांची विष्ठा जाते.

संडास मुख्य इमारतीपासून थोडे लांब, पण ओसरीनेच जोडलेले हवेत. रात्रीच्या कार्यक्रमाला बायका अंधारात जात नाहीत. बायकांचे पुरुषांपेक्षा जास्त ठेवा. नळाचं पाणी शोषखड्ड्यात किंवा केळीच्या आळ्यात.

आचाऱ्याच्या भट्ट्या हॉलच्या आत कधीच नकोत. वेगळी, दोन बाजूंनी उघडी पत्र्याची शेड करा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. गॅसच्या टाक्या शेडच्याही बाहेर.

सोलर किती किलोवॉटचं घ्यावं?

आधी वीज कमी लागेल असं करा. जुना पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दहा पंखे आठ तास चालवले तर सहा युनिटांच्या जागी अडीच. आपल्याकडे एक किलोवॉट सोलर रोज सुमारे चार युनिट देतं, जागा शंभर चौरस फूट लागते. दिवे, पंखे, पंप आणि अभ्यासिका एवढ्याला तीन किलोवॉट बहुधा पुरे. लग्नातल्या डीजेचा हिशेब यात धरू नका, त्याचा जनरेटर तो आणतो.

आमदार निधीतून किंवा २५१५ (ग्रामविकास खात्याच्या मूलभूत सुविधांच्या निधी) मधून मातीच्या विटांचं काम मंजूर होतं का?

होतं, पण कागद जास्त लागतात. शासकीय अंदाजपत्रक राज्य दरसूचीवर (एसएसआर) बनतं. जी बाब दरसूचीत नाही, तिला दर विश्लेषण जोडावं लागतं: माती किती, सिमेंट किती, मजुरी किती, यंत्राचं भाडं किती. कनिष्ठ अभियंत्याला हे करायला वेळ नसतो आणि जोखीमही नको असते, त्यात त्यांचा दोष कमी. म्हणून विश्लेषण तुम्ही तयार करून द्या, विटांच्या चाचणीचा अहवाल सोबत जोडा, मगच तांत्रिक मान्यतेला पाठवा. निविदा निघाल्यावर "आता विटा बदलू" म्हणालात तर मोजमाप पुस्तिकेत नोंद कुणी घेणार नाही.

दुसरा मार्ग म्हणजे विभागणी. पाया, खांब, पट्ट्या आणि छत सरकारी निधीतून, दरसूचीतल्या बाबींनी. भिंती, ओसरी आणि पेट्या लोकवर्गणी व श्रमदानातून. असे हॉल वेळेत पूर्ण झालेले आम्ही जास्त पाहिलेत.

पण दर चौरस फुटाला किती?

जागा, माती आणि रस्ता न बघता जो आकडा सांगतो, त्याच्याकडून बांधून घेऊ नका.

जोतं किती उंच घ्यावं? आणि उतार?

नदीकाठी असाल तर २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा अजून भिंतींवर असतील. त्यांतली वरची धरा आणि दोन फूट आणखी चढवा. पुरात गाव इथेच येणार आहे. इतरत्र दोन फूट पुरतात. उतार एकास बारा हवा, म्हणजे दोन फूट जोत्याला चोवीस फूट लांब. आठ फुटांत उरकलेला जो उतार सगळीकडे दिसतो, तो मोटारसायकलींसाठी असतो. व्हीलचेअर त्यावर चढत नाही.

किल्ली कुणाकडे ठेवायची?

दोघांकडे, आणि त्यातली एक बचत गटाकडे. अभ्यासिकेची तिसरी, पोरांकडेच. नोंदवहीत कार्यक्रम, वेळ आणि पैसे लिहायचे. लग्नाचं भाडं घ्या, तेराव्याचं घेऊ नका. भाड्यातून मे महिन्यात शाकारणी, पन्हळीतला पाला काढणं आणि बांबूला तेलाचा हात एवढं निघतं.

नकाशे आणि वायरिंगचे आराखडे जपायचे कसे?

ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवले की ग्रामसेवक बदलल्यावर सापडत नाहीत. एक प्रत लॅमिनेट करून विजेच्या मुख्य बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा. त्यावर तीन गोष्टी ठळक हव्यात: भिंतीत पट्ट्या कुठून गेल्यात, म्हणजे तिथे ड्रिल मारायचं नाही. जमिनीखालचे पाण्याचे पाइप कुठून गेलेत. आणि सहावा खण जोडायचा तर कोणत्या बाजूच्या खांबांत सळया पुढे काढून, सिमेंटच्या टोपीने झाकून ठेवल्यात.